एकही पोपट शिजवला जाणार नाही

महमूदभाई मुकादमांची मुलगी माहिरा गप्पांमध्ये नापास झाली, ही बातमी रोह्यात पसरायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही, कारण ती महमूदभाईंनी स्वतःच पसरवली. बारावीला तालुक्यात पहिली आलेली, पूर्ण शिष्यवृत्ती मिळवून घाटावरच्या त्या नामांकित विद्यापीठात गेलेली मुलगी गणितात नापास झाली असती, तर त्यांनी दाराला आतून कडी घातली असती. पण गप्पांत नापास म्हणजे अन्याय झाला होता, आणि अन्याय चार लोकांना सांगितल्याशिवाय पचत नाही.

आता गप्पांची परीक्षा असते का, असं कोणीही विचारील. त्या विद्यापीठात असते. तिथे वर्ग सुटल्यानंतरचं सगळं आयुष्य सोसायट्यांच्या हाती आहे. तारे बघायची सोसायटी, टेकडी चढायची सोसायटी, जुन्या सायकली दुरुस्त करायची सोसायटी. एकट्यानं टेकडी चढलेली चालते, पण तशी माणसं फारशी कुणाला दिसत नाहीत. या सगळ्यांत मानाची सोसायटी गप्पांची. तिचे सभासद संध्याकाळी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसतात आणि बोलतात. एवढंच. पण त्या पायऱ्यांवर बसायचं तर तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत ‘मला गप्पा का माराव्याशा वाटतात’ यावर निबंध. दुसरीत आठजणांनी आपसांत सहज बोलायचं आणि चौघांनी समोर बसून गुण द्यायचे. तिसरीत मुलाखत. मुलाखतीत माहिराला विचारलं, तू आमच्या टेबलावर नवीन काय आणशील? ती गोंधळून गप्प बसली. फोनवर हे ऐकून फरझानाबी, म्हणजे तिची आई, म्हणाल्या की वेडे, सुक्या जवळ्याची चटणी सांगायची होतीस, आख्ख्या टेबलाला पुरली असती.

मग पत्र आलं. ‘आपल्या संवादक्षमतेबद्दल आम्हाला नितांत आदर आहे. तथापि यंदा प्राप्त झालेल्या अर्जांची पातळी व उपलब्ध जागा यांचा साकल्याने विचार करता...’ महमूदभाईंनी ते फोनवर वाचलं आणि अक्षरन् अक्षर ओळखीचं निघालं. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं त्यांनी हेच पत्र लिहिलं होतं. फक्त तिथे गप्पांच्या जागी पाणी होतं. आपलं हत्यार आपल्याच मुलीवर चाललेलं बघणं ही गोष्ट निवृत्त हेडक्लार्कच्या जिवाला किती लागते, हे निवृत्त हेडक्लार्कलाच ठाऊक.

त्याहून एक गोष्ट जास्त लागली. माहिरा रोज दुपारी सव्वा वाजता फोन करायची आणि जेवण संपेपर्यंत बोलायची. पोरगी किती मायेची, असं महमूदभाई शेजाऱ्यांना सांगत. गप्पांचा निकाल लागला त्या आठवड्यात फरझानाबींनी शांतपणे त्यांना समजावलं, की फोन कानाला असला म्हणजे मेसमध्ये एकटं जेवतोय असं दिसत नाही, म्हणून ती फोन करते. सहा महिने. त्या दिवशी महमूदभाईंनी दुपारी पानातला भात तसाच टाकला.

संध्याकाळी ओट्यावर सल्लागार मंडळी जमली. शेजारचा काळुराम डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर. त्याला कुठल्याही प्रश्नावर एकच उपाय माहीत: आधी निवेदन, मग काळ्या फिती, मग गेटबंद. त्यानं विद्यापीठाला किती गेट आहेत याची चौकशी केली. वालाच्या शेंगांची टोपली घेऊन आलेल्या गिरजाबाईंचं शेत गावाबाहेर रस्त्याला लागून आहे. त्यांना आधी हे सगळं नीट समजलंच नाही. दोनदा समजावल्यावर त्या म्हणाल्या, “बोलायला अर्ज करतात? मंग हागायला काय कोर्टात जातात?”

मग त्यांनी टोपली खाली ठेवून सांगितलं, की माणूस बोलून जवळ येत नाय, आगीभोवती बसून येतो. पोरांना आण माझ्या शेतात, पोपटी घालू.

रायगडाबाहेरच्यांसाठी सांगायला हवं. थंडीत वाल भरला की मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, खडे मीठ, अंडी, मसाला लावलेली कोंबडी असं भरतात, तोंड पाल्यानं गच्च दाबतात आणि मडकं शेतात उपडं घालून भोवती पेंढा पेटवतात. आत ना तेल, ना पाणी. अर्ध्या तासानं जे निघतं त्याला पोपटी म्हणतात, आणि ती खाताना कुणी कुणाची मुलाखत घेत नाही.

महमूदभाईंनी विद्यापीठाची नियमावली उघडली. एकशेबारा पानं होती. इतक्या वर्षांनी त्यांना पुन्हा तारुण्य आल्यासारखं झालं. पान सत्तेचाळिसावर सापडलं: कोणताही विद्यार्थी स्वतःची सोसायटी काढू शकतो. बारा सह्या, एक घटना, आणि एक चाचणी कार्यक्रम, ज्याला विद्यार्थी-जीवन विभागाचा अधिकारी हजर राहून अहवाल देईल.

माहिरानं फोनवर सांगितलं, “अब्बा, नको. मला बारा लोक माहीतच नाहीत.” नावानिशी ओळखीचे किती, असं विचारल्यावर तिनं सात मोजले. त्यांतले दोन वॉचमन होते आणि एक मेसमधली चपातीवाली मावशी.

तरी घटना लिहून झाली. पाणीवापर संस्थेची उपविधी पुढ्यात ठेवून महमूदभाईंनी चौदा पानं लिहिली, आणि सवयीनं तिच्यातलं मुख्य कलम तसंच उतरलं: ‘वाटप टेलकडून हेडकडे होईल.’ कालव्याच्या शेपटाला ज्याचं शेत त्याला पाणी आधी, हा त्याचा अर्थ, कारण तोंडाशी बसलेला कसंही मिळवतोच. सोसायटीला लागू करताना त्यांनी खुलासा जोडला, की जो सभासद सर्वांत कमी बोलला असेल त्याला पान आधी वाढले जाईल.

आठ दिवसांत विद्यापीठाकडून शंकापत्र आलं. शंका सहा होत्या. खुल्या ज्वाळेचा आराखडा जोडलेला नाही. भांडे उपडे का? शाकाहारी व मांसाहारी घटक एकाच भांड्यात कसे? वगैरे. पण सहावी शंका प्राणिकल्याण समितीची होती. त्या समितीतलं कुणीतरी गुजरातचं, कुणी केरळचं, आणि जो एक मराठी होता तो सुटीवर. त्यांनी शब्दकोश पाहिला होता. ‘कार्यक्रमाच्या नावावरून यात पोपटांचा वापर होतो असे दिसते. संख्या व जात कळवावी.’

महमूदभाईंनी मुद्देसूद उत्तर दिलं. समितीला ते पुरलं नाही; प्रतिज्ञापत्र मागितलं. रोह्याचे ओळखीचे नोटरी मुलाच्या लग्नाला गेलेले, म्हणून महमूदभाई एसटीनं पेणला गेले. तिथल्या नोटरीनं मजकूर चष्मा वर करून वाचला आणि चष्मा खाली करून पुन्हा वाचला. ‘सदर कार्यक्रमात एकही पोपट शिजवला जाणार नाही, अथवा त्यास उपडे घातले जाणार नाही.’ त्यानं विचारलं, पोपट कुणाचा? महमूदभाई म्हणाले, कुणाचाच नाही. नोटरी म्हणाला, मग तक्रार कुणाची? रांगेत जमिनीचे वाद घेऊन आलेले सहाजण होते. त्यांच्यासमोर महमूदभाईंना पोपट नसल्याचं तीनदा सांगावं लागलं, आणि शेवटी एका म्हाताऱ्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवून मायेनं म्हटलं, येईल परत, पिंजरा उघडा ठेवा.

तिकडे विद्यापीठात माहिरानं अब्बांच्या हट्टापायी मेसच्या भिंतीवर कागद लावला होता. वर घटनेतलं ते एकच कलम, खाली बारा रिकाम्या रेघा. तीन दिवस कुणी फिरकलं नाही. चौथ्या दिवशी कुणीतरी पसरवलं, की ही नवी सोसायटी इतकी कडक आहे की हिच्यात अजून एकही माणूस घेतलेला नाही. संध्याकाळपर्यंत रेघा संपल्या, समासात नावं आली, मग कागदाच्या पाठीमागे. चौऱ्याण्णव अर्ज. बसच्या क्षमतेनुसार सेहेचाळीस ठरले. त्यांत पहिलं नाव ऋतुजाचं, म्हणजे गप्पांच्या सोसायटीच्या अध्यक्षेचं, जिनं ते पत्र सही करून पाठवलं होतं.

सेहेचाळीस माणसांना एक मडकं पुरत नाही. सहा-सात लागतात, हे गिरजाबाईंच्या म्हशीलाही कळलं असतं. पण परवानगीत लिहिलं होतं ‘भांडे: एक’. त्यात बदल करायचा तर नवा अर्ज, एकवीस दिवस, आणि तोवर वाल वाळून लाकूड झाला असता. एकतीस वर्षं मंजूर नकाशाबाहेर एक वीट न रचू दिलेला माणूस स्वतः नियम कसा मोडणार? महमूदभाई म्हणाले, एक तर एक, मोठं करू.

एवढं मोठं मडकं घडवायला कुंभार तयार होईना. चाकावर मावत नव्हतं. तेव्हा काळुरामला जोह्याचा मोरू आठवला. मोरू गणपती घडवतो. बारा फुटांची मूर्ती करणाऱ्याला मडक्याचं काय. मोरूनं माप घेतलं, मान डोलावली आणि आठ दिवसांत मडकं केलं. माणसाच्या छातीइतकं उंच, तुळतुळीत, गेरूच्या रंगात. फक्त एक झालं. त्याला डोळे होते.

महमूदभाईंनी विचारलं, हे काय? मोरू म्हणाला, “काय सांगू भाई, हाताला सवय हाय. डोळं काढल्याबिगर काम संपल्यासारखं वाटत नाय.”

डोळे फार सुरेख होते, हीच अडचण. जोह्याहून पेण आणि पेणहून रोहा असा टेम्पो निघाला तेव्हा मडकं धक्का लागू नये म्हणून लाल कापडात गुंडाळलं होतं आणि वरून फक्त डोळे दिसत होते. पेणच्या नाक्यावर दोन दुकानदारांनी हात जोडले. नागोठण्याला एका बाईंनी टेम्पो थांबवून हळद-कुंकू वाहिलं आणि ड्रायव्हरशेजारी बसलेल्या महमूदभाईंना विचारलं, देवी कुठली? महमूदभाई आयुष्यात कधी खोटं बोललेले नाहीत. ते म्हणाले, शेंगांची. बाईंनी आणखी वाकून नमस्कार केला.

ठरलेल्या रविवारी दुपारी तीनला बस गिरजाबाईंच्या शेताला लागली. सेहेचाळीस मुलं उतरली, आणि त्यांच्यामागून विद्यार्थी-जीवन विभागाचे अधिकारी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. माहिरा सगळ्यांत शेवटी उतरली. सहा महिन्यांत ती अर्ध्यानं उतरली होती, असं फरझानाबींना वाटलं. आयांना ते नेहमीच वाटतं, पण या वेळी खरं होतं.

मडकं भरून तयार होतं. फरझानाबींनी पहाटेपासून कोंबडीला मसाला लावला होता, मधे केळीच्या पानांचा बांध घालून शाकाहाराची सोय केली होती. पेंढा रचलेला. गिरजाबाई काडेपेटी घेऊन पुढे आल्या, मडक्याकडे पाहिलं आणि काडेपेटी कनवटीला खोचली.

“डोळं हायत तिला,” त्या म्हणाल्या. “मी नाय आग लावनार.”

झालं. काळुरामनं सुचवलं, तोंड पलीकडे करू. मडक्याबरोबर आलेला मोरू म्हणाला, खरवडून काढतो, पण स्वतःच्या हातचे डोळे समोर आले तशी त्यानं पाती परत खिशात घातली. महमूदभाईंनी तर आधीच सांगून टाकलं होतं, की डोळ्यांची भांडी त्यांच्या धर्मातही बसत नाहीत, तेव्हा काडी तेही लावणार नाहीत. एक मुलगा कायदा शिकत होता. त्यानं मूर्ती कशाला म्हणावं यावर बोलायला सुरुवात केली आणि त्याला तिघांनी विरोध केला. टॅबवाले साहेब घड्याळ बघत होते. शेवटी गिरजाबाईंनी स्वतःच्या डोक्यावरचं फडकं सोडून मडक्याच्या डोळ्यांवर बांधलं, जसं लपाछपीत पोराला बांधतात. हिला दिसायला नको, मंग चालंल, असा निवाडा झाला.

आठजणांनी मडकं उचललं. काळुरामनं कंपनीत क्रेन चालवताना देतात तसे हाताचे इशारे दिले. मडकं वर गेलं, तिरकं झालं, आणि उपडं व्हायच्या आत त्याचं बूड जिथल्या तिथे निखळलं. भिंती राहिल्या आठजणांच्या हातांत आणि शेंगा, अंडी, कोंबडी, केळीची पानं अशी सगळी पोपटी शेतात पसरली. फडकं बांधलेलं मडकं आता दोन्ही बाजूंनी उघडं होतं.

मोरू जवळ गेला, कड चुरून पाहिली आणि शांतपणे म्हणाला, “शाडू हाय भाई. ही पाण्यात जायची माती. आगीतली नाय.”

महमूदभाई बांधावर बसले. मान खाली. अर्ज, घटना, प्रतिज्ञापत्र, सगळी फाइल मांडीवर. आपल्या हुशार मुलीला सेहेचाळीस लोकांसमोर आपण पुरतं हास्यास्पद करून ठेवलं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. माहिराकडे बघायचा धीर होत नव्हता.

गिरजाबाई मात्र वस्तीवर गेल्या आणि घराघरातून काळीकुट्ट, रुळलेली सात मडकी घेऊन आल्या. तेव्हा टॅबवाले साहेब पुढे झाले. त्यांनी विनयानं सांगितलं, की परवानगी एका भांड्याची आहे, सातांना ते होकार देऊ शकत नाहीत.

महमूदभाईंनी मान वर केली. मग फाइलमधून कागद काढला, पेन झटकलं आणि उभ्या उभ्या लिहिलं: ‘मंजूर भांडे (नग एक) जागेवरील अडचणींमुळे सात भागांत वापरण्यात आले. एकूण भांडे एकच.’ खाली सही, तारीख, ठिकाण रोहा. साहेबांनी ते दोनदा वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर, एका कारकुनाला दुसऱ्या थोर कारकुनाबद्दल वाटतो, तसा आदर दिसला. त्यांनी टॅबवर बरोबरची खूण केली.

मग गिरजाबाईंनी मुलांना कामं वाटली. शेंगा वेचा, धुवा, पाला खुडा. काय येतं तुला, असं त्या प्रत्येकाला विचारत होत्या. ऋतुजानं प्रामाणिकपणे सांगितलं, की तिला कुठल्याही विषयावर दहा मिनिटं बोलता येतं. गिरजाबाईंनी तिला पेंढ्यापाशी बसवलं. “मंग इथं तोंड करून बोल. जाळ विझतोय.”

जाळ धरल्यावर अर्ध्या तासानं मडक्यांवर पाणी शिंपडून पाहिलं, थेंब चर्र होऊन उडाले, म्हणजे तयार. सातही मडक्यांची तोंडं उघडली आणि ओव्या-भांबुर्डीचा असा वास सुटला, की त्या सेहेचाळीस जणांना आपण पहाटेपासून उपाशी असल्याची आठवण झाली. तेव्हा महमूदभाईंनी घटनेचं कलम वाचून दाखवलं. सर्वांत कमी कोण बोललं? सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मागे लखनौकडची एक उंच मुलगी होती, रुखसार नावाची. तिचा आवाज तिच्या खोलीतल्या मुलीनंही ऐकलेला नव्हता. पहिलं पान तिला. तिनं एक शेंग सोलून खाल्ली, आणि सगळे तिच्याकडे बघतायत म्हणून कसंबसं म्हणाली, मीठ थोडं कमी आहे. फरझानाबींनी चाखलं. खरंच कमी होतं.

पण त्यानंतर जे झालं त्याची कल्पना महमूदभाईंनी केली नव्हती. ही सगळी मुलं लहानपणापासून पहिल्या नंबरावर वाढलेली. कमी बोलणाऱ्याला आधी मिळतं, हे कळताच त्यांनी तोंडं मिटली. कुणी कुणाशी एक अक्षर बोलेना. वाढप चाळीस मिनिटं चाललं आणि चाळीस मिनिटं त्या शेतात देशातले उत्तमोत्तम बोलके एकमेकांकडे डोळे वटारून गप्प बसले होते. ऋतुजाचा चेहरा तर मिरचीसारखा लाल झाला होता. एकदा तिच्या पायावरून मुंगळा गेला, तरी ती हूं की चूं करीना. काळुराम हळूच म्हणाला, असा कडकडीत बंद त्याच्या युनियनला उभ्या जन्मात जमला नव्हता.

टॅबवाल्या साहेबांनी शेवटचा रकाना भरला: ‘सामाजिक संवाद: आढळला नाही.’

पुढे पंधरा दिवसांनी त्याचा निकाल लागला तो इथेच सांगून टाकतो. सेहेचाळीस विद्यार्थी चाळीस मिनिटं निःशब्द, हे वाचून विद्यापीठानं सोसायटीला मान्यता दिली, पण ‘ध्यान व मौन’ या गटात. आता तिला दर वर्षी सर्वांत जास्त अर्ज येतात.

त्या दिवशी मात्र महमूदभाईंना तो रकाना दिसला आणि त्यांचा धीर खचला. बाजू मांडायला काहीतरी पुरावा हवा म्हणून ते शेतभर फिरले. पेंढ्याच्या उडवीमागे त्यांना माहिरा दिसली. ती आणि ती उंच रुखसार एकाच पानावर वाकून बसल्या होत्या. रुखसार काहीतरी सांगत होती, खालच्या आवाजात, न थांबता, सहा महिन्यांचं साठलेलं. माहिरा शेंग सोलायची थांबून हसली आणि मग तिनं सांगायला सुरुवात केली. फोन तिच्या खिशात होता.

महमूदभाई वळले. साहेबांना हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, “साहेब, इकडे या, इकडे संवाद...”

फरझानाबी मागेच उभ्या होत्या. त्यांनी त्यांच्या तोंडावर आपला मसाल्याचा हात ठेवला.

“नोंद नको,” त्या म्हणाल्या.

महमूदभाईंनी परत जाऊन साहेबांच्या अहवालावर सही केली. हरकत न नोंदवता केलेली त्यांची ती पहिली सही.

उन्हं कलल्यावर बस निघाली. फरझानाबी गिरजाबाईंबरोबर फुटलेल्या मडक्याचे तुकडे गोळा करत होत्या. महमूदभाई एकटे रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि बस जवळ येताच त्यांनी हात वर केला. माहिरा खिडकीशीच होती. पण तिचं तोंड आत, रुखसारकडे. बस गेली, वळणावर दिसेनाशी झाली; तिनं पाहिलं नाही.

महमूदभाईंचा हात वरच राहिला. तो आता काय म्हणून खाली घ्यावा, हे त्यांना सुचेना. तेवढ्यात मागून येणारी सहाआसनी रिक्षा तो हात बघून कर्कन थांबली. ड्रायव्हरनं विचारलं, “कुठं?” शेतातून काळुराम बघत होता, मोरू बघत होता. निवृत्त हेडक्लार्क रस्त्यावर उगीचच हात वर करून उभा होता, असं होता कामा नये. महमूदभाई रुबाबात चढले, मांडीवर फाइल घेऊन बसले, आणि घराच्या अगदी उलट दिशेनं, सरळ नागोठण्याला गेले.